प्रत्येक वॉर्डात एक डिजिटल ग्रंथपाल द्या: वडोदरा महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि स्थायी समितीचे सर्व सदस्य, वडोदरा महानगरपालिका
तसेच नगर प्राथमिक शिक्षण समितीचे अध्यक्ष व सदस्य

सविनय नमस्कार.

डिजिटल शिक्षणासाठी या शहराला आता सर्वात जास्त गरज माणसांची आहे. प्रत्येक वॉर्डात एक खोली हवी, तिथे रोज ठरलेल्या वेळी बसणारी, पगार घेणारी, प्रशिक्षण झालेली एक व्यक्ती हवी, आणि तिच्याकडे कोणीही आपला फोन किंवा आपला अर्ज घेऊन जाऊ शकेल अशी सोय हवी. एवढीच माझी मागणी आहे. ती का करते आहे, ते सविस्तर लिहिते.

मी दांडिया बाजारात राहते. प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आता दुपारच्या वेळी वस्तीतल्या एका वाचनालयात बसते आणि जी बाई फोन घेऊन येईल तिला येते तेवढे शिकवते. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयात देते आहे. मराठीतून मुद्दाम लिहिते आहे, कारण बडोद्यातल्या मराठी घरांनी ही मागणी आपली मानावी आणि आपापल्या नगरसेवकाच्या दारात घेऊन जावी असे मला मनापासून वाटते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानाला तो लागू केला, हे आपण भाषणांत ऐकतो, शाळांच्या कार्यक्रमांत सांगतो. त्यापुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. माझ्या मागणीचा आधार मात्र तोच आहे.

सक्ती झाली, मुले शाळेत आली, अक्षरे शिकली. पण मुलांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंतच शाळेची सक्ती होती. त्यानंतर हातात वाचायला काही नसेल तर शिकलेले सगळे काही वर्षांत विसरायला होते. शेतावर गेलेला मुलगा आणि लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी पुन्हा अंगठ्यावर यायची. संस्थानाने हा धोका ओळखला आणि शाळेच्या मागोमाग वाचनालये उभारायला घेतली. १९१० साली अमेरिकेतल्या न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. महाराजांनी राजवाड्यातली आपली सुमारे २०,००० पुस्तके त्या कामाला दिली. मांडवीतली मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत पुढे १९३१ मध्ये झाली. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, गावोगावी सुरू झाले होते.

बॉर्डन यांनी काय काय केले ते आज आपल्या शिक्षण समितीने नीट वाचायला हवे. आल्यावर लगेच, १९११ मध्ये, त्यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातला ग्रंथालयशास्त्राचा पहिला वर्ग म्हणून त्याची नोंद होते. म्हणजे पुस्तके गावात पोचत होती, त्याच सुमारास ती सांभाळणारी आणि वाचकाला हाताशी धरणारी माणसेही तयार होत होती. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने द्यायची, असा तिहेरी हिशेब ठरला. जिथे वाचनालय उभे राहू शकत नव्हते तिथे पुस्तकांच्या कुलूपबंद लाकडी पेट्या जायच्या आणि त्यांचे भाडे संस्थान भरायचे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची वेगळी शाखा होती, ती गावात जाऊन मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, चित्रे आणि सोबत सिनेमे दाखवायची, तेही फुकट. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. त्यांच्यानंतर जनार्दन कुडाळकरांसारख्या माणसांनी ते काम वाढवले. मोतीभाई अमीन तर त्याआधीपासून, १९०६ पासून, मित्रमंडळांची छोटी वाचनालये काढत हिंडत होते. खात्याचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघायचे.

गावात मॅजिक लँटर्न नेणाऱ्या खात्याला यंत्राचे महत्त्व कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण त्या यंत्रासोबत एक माणूस जायचा आणि तो लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचा. आपल्या आजच्या डिजिटल योजनांत हा माणूस कुठे आहे?

केंद्र सरकारची सर्वात मोठी योजना घ्या. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये मंजूर झाले. २,३५१ कोटी रुपयांची तरतूद, ६ कोटी ग्रामीण घरे, घरटी एक व्यक्ती, २० तासांचा अभ्यासक्रम, वय १४ ते ६०. ३१ मार्च २०२४ रोजी योजना संपली. नावातच ग्रामीण आहे. त्यामुळे वडोदरा शहरात राहणारी धुणीभांडी करणारी बाई, बंद पडलेल्या कारखान्यातून घरी बसलेला कामगार, नवापुऱ्यातली एकटी राहणारी आजी, यांतले कोणीही त्या योजनेत बसत नव्हते. शहर आहे म्हणजे सोय आहे, असे दिल्लीत धरले गेले. आणि आजी तर गावात असती तरी साठीच्या पुढे गेली म्हणून बाहेरच राहिली असती. हयातीचा दाखला फोनवरून द्यायची गरज जिला सर्वात जास्त, तीच वयाच्या अटीत अडकली.

मग शहरातली ही माणसे शिकली कुठे? झेरॉक्सच्या दुकानात. हे मी कोणाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. माझ्या ओळखीचे बहुतेक झेरॉक्सवाले मदतीला धावणारे आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डाचे ई-केवायसी, मोफत शाळाप्रवेशाचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सगळे त्यांच्याच काउंटरवर होते. जून-जुलैत तिथे उभे राहून पाहा. बाई आपला फोन त्याच्या हातात देते. ओटीपी तोच वाचतो, तोच भरतो. पासवर्ड तो ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. मागे वीसजण उभे असतात, म्हणून समजावून सांगायला त्याला वेळ नसतो. बाई पैसे देते, पावती घेते आणि अर्जात काय लिहिले ते न कळताच घरी जाते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली की पुन्हा त्याच दुकानात. मधल्या काळात दुकान बंद झाले किंवा वही हरवली, तर सगळे पहिल्यापासून.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीची शिष्यवृत्ती अशीच अडकली. अर्जात मोबाइल क्रमांक दुकानदाराचा होता. त्रुटी दुरुस्त करा असा संदेश आला तो त्याच्या फोनवर, रोज येणाऱ्या शेकडो संदेशांत. मुदत निघून गेली. मुलगी हुशार आहे, तिचे वडील रिक्षा चालवतात, ती रक्कम त्यांच्या घरात मोठी होती. तिला फक्त एवढेच कोणीतरी सांगायला हवे होते की क्रमांक स्वतःचा घाल आणि अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहा.

डिजिटल कौशल्य म्हटले की आपल्या बैठकांत कोडिंग, रोबोटिक्स, कृत्रिम बुद्धिमत्ता असे विषय निघतात. सहावीपासून कोडिंगची ओळख व्हावी हे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे आणि ते व्हावेच. पण वाचनालयात माझ्यासमोर येतात ते प्रश्न आधी ऐका. फोटो ५० केबीपेक्षा मोठा आहे म्हणून अर्ज पुढे जात नाही. आधारला जोडलेला क्रमांक जुन्या सिमचा आहे आणि ते सिम हरवले. आधारवर ‘सुनीताबेन’ आहे, बँकेत ‘सुनीता’ आहे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आहे आणि माहेरच्या जुन्या कागदावर ‘सुनीताबाई’. चारही कागद खरे, बाई एकच, आणि पोर्टल म्हणते नाव जुळत नाही. आपल्या बडोद्यात मराठी आणि गुजराती दोन्ही पद्धतींनी नावे लिहिली जात असल्यामुळे हा गोंधळ मराठी घरांत फार आहे. कोणता कागद आधी दुरुस्त करायचा, कुठे करायचा, त्यासाठी काय लागते, हे ज्याला कळते त्याचे काम होते. ज्याला कळत नाही तो रोजगार बुडवून खेटे घालत राहतो.

आणि फसवणूक. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे एक वाक्य जिला पक्के माहीत आहे तिची बचत वाचते. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर दिसणारा माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देतो, तेव्हा अशी अटक कायद्यात नाहीच, हे ठाऊक असावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हा विषय घेतला. १९३० हा तक्रारीचा क्रमांक आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तो फिरवावा तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. माझ्या दुपारच्या बायकांपैकी बहुतेकींनी तो क्रमांक पहिल्यांदा वाचनालयात ऐकला. त्यांच्या घरात टीव्ही आहे, फोन आहे, सगळे आहे. तरी ऐकला नव्हता, कारण सांगणारे ओळखीचे कोणी नव्हते. जाहिरात पुढे सरकून जाते. समोर बसून सांगितलेले, मग स्वतःच्या फोनमध्ये साठवून घेतलेले लक्षात राहते.

आता शाळांकडे येते. वर्गात डिजिटल बोर्ड देणारी ‘ज्ञानकुंज’ योजना राज्यात २०१७ पासून आहे, ऑनलाइन धड्यांचे ‘दीक्षा’ आहे, शाळांच्या माहितीवर नजर ठेवणारे विद्या समीक्षा केंद्र गांधीनगरला आहे. देशभरचे चित्रही सुधारते आहे: केंद्र सरकारच्या शाळांविषयीच्या २०२४-२५ च्या यूडायस प्लस अहवालानुसार ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. मी शिक्षिका होते, मला फळ्यावरच्या जिवंत आकृतीचा उपयोग कळतो. अपूर्णांक शिकवताना एक गोल आपोआप आठ भागांत कापला जातो तेव्हा मुलांचे डोळे कसे होतात ते मी पाहिले आहे. त्या बोर्डांविरुद्ध माझा एक शब्दही नाही.

पण वर्गात यंत्र आले आणि शिक्षक एकटा पडला, तर काय होते तेही पाहिले आहे. एका शाळेत स्मार्ट बोर्डचा पेन हरवला, नवा मागवायचा कोणी हे ठरेना, आणि वर्षभर तो बोर्ड पडद्याखाली राहिला. संगणक खोलीची कथा याहून जुनी. २००४ पासून चालत आलेल्या शाळांच्या आयसीटी (माहिती व संचार तंत्रज्ञान) योजनेत अनेक राज्यांनी संगणक आणि निदेशक दोन्ही एजन्सीकडून पाच वर्षांच्या कराराने घेतले. करार संपला की निदेशक जातो. संगणक उरतात, पासवर्ड माहीत असणारा उरत नाही. हे चक्र आपण आता पुरते ओळखायला हवे. यंत्राच्या खरेदीची निविदा निघते, उद्घाटन होते, छायाचित्र येते. दुरुस्तीला आणि माणसाच्या पगाराला मात्र अंदाजपत्रकात दरवर्षी भांडावे लागते.

नुसते यंत्र वाटून काय होते याचा हिशेब जगात झालेला आहे. पेरू देशाने लाखो शाळकरी मुलांना लॅपटॉप दिले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये सांगितले की मुलांचे गणित आणि भाषा यांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळत नाही. लॅपटॉप वाईट नव्हते. शिक्षकाला त्यांचे काय करायचे हे कोणी पुरेसे शिकवले नव्हते.

‘तरुण मुलांना सगळे येते, त्यांना शिकवायचे काय?’ हा प्रश्न मला आपल्याच एका माजी सदस्यांनी विचारला होता. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्या आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले ७६ टक्के होती, अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के. त्याआधीच्या वर्षीच्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी १९.८ टक्के मुलींकडे. हे आकडे गावांचे आहेत. शहराच्या जुन्या पोळांतून, म्हणजे जुन्या गल्ल्यांतून, आणि वस्त्यांतून मला वेगळे काही दिसत नाही. फोन भावाचा असतो. बहिणीला तो मिळतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि बॅटरी संपत आलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. हे अंतर शाळेत बोर्ड लावून भरून निघणार नाही, कारण यातल्या बहुतेक स्त्रियांचा शाळेशी संबंध संपलेला आहे. त्यांच्यासाठी घराजवळ जागा लागते.

ऑगस्ट २०२४ चा पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. काळा घोड्याजवळ विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आजवा धरण फुटल्याचा आवाजी संदेश फिरत होता. खालच्या मजल्यावरच्या एक आजारी काकू तो ऐकून भर पावसात घराबाहेर पडायला निघाल्या होत्या. दुसरीकडे, नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांना किती वाजता किती पाणी सोडले जाणार हे शेवटपर्यंत नीट कळले नाही. महानगरपालिका माहिती देत होती. पण ती कुठे दिली जाते, खरा संदेश आणि खोटा संदेश यांत फरक कसा ओळखायचा, फोनची बॅटरी राखून कोणती एक जागा तपासायची, हे लोकांना आधी कोणी शिकवलेले नव्हते. पूर आल्यावर हे शिकवता येत नाही. म्हणून डिजिटल शिक्षण हा फक्त शिक्षण विभागाचा विषय आहे असे मला वाटत नाही. आपत्ती व्यवस्थापन, आरोग्य, मालमत्ता कर, सगळ्या विभागांचे नागरिकांशी बोलणे आता फोनवरून होते. ते बोलणे समजणारा नागरिक घडवणे ही सगळ्यांचीच जबाबदारी आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. शहरात १९ निवडणूक वॉर्ड आहेत. पहिल्या वर्षी १९ जागा निवडा. नवी इमारत बांधू नका. महानगरपालिकेच्या शाळेतली संगणक खोली संध्याकाळी रिकामी असते, वॉर्ड कचेरीजवळ एखादी खोली असते, वाचनालये आहेत. त्या जागी चार-पाच चालू संगणक, एक स्कॅनर, एक प्रिंटर, चांगले इंटरनेट आणि एक डिजिटल ग्रंथपाल. ही व्यक्ती शक्य तिथे त्याच वॉर्डातली असावी, बाई असेल तर फार उत्तम. तिला तीन महिन्यांचे पक्के प्रशिक्षण द्या आणि पगार असा द्या की ती वर्षभरात काम सोडून जाणार नाही. मानधनावर ठेवून दर अकरा महिन्यांनी बदलू नका. लोक माणसावर विश्वास ठेवतात, आणि विश्वास बसायला वेळ लागतो.

प्रशिक्षणासाठी दूर जायची गरज नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवले जाते, आणि तिथली तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा १८९० च्या कलाभवनातून वाढलेली आहे. त्या कलाभवनात तंत्रशिक्षण इथल्या लोकांच्या भाषांत देण्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्याच वास्तूतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास वॉर्डात येऊन बसले तर त्यांनाही आपले शहर कळेल. शिकवण्याचे साहित्य गुजराती, मराठी, हिंदी आणि उर्दू या चारही भाषांत हवे. माझ्या वर्गातल्या काही मराठी बायका घरात मराठी बोलतात, दुकानात गुजराती, आणि फोन मात्र इंग्रजीत ठेवतात, कारण दुकानातून तसाच आला. भाषा बदलून दिली की निम्मी भीती तिथेच जाते.

वेळ हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो बैठकीत कधी निघत नाही. अकरा ते पाच अशी सरकारी वेळ ठेवली तर कामावर जाणारा कोणी येणार नाही. स्वयंपाकाचे आणि धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या बायकांना दुपारी अडीच ते साडेचार मोकळीक असते. रिक्षावाले आणि कारखान्यातले कामगार रात्री आठनंतर येऊ शकतात. मुली संध्याकाळी सातच्या आत घरी पोचायला हव्यात असे घरचे म्हणतात, ते आपल्याला पटो न पटो. वेळापत्रक या माणसांना विचारून ठरवा.

आणि मोजायचे काय? प्रमाणपत्रे मोजू नका. किती जणांना शिकवले हा आकडा फुगवता येतो. त्याऐवजी पाच-सहा कामे ठरवा: स्वतःचा अर्ज स्वतः भरणे, त्याची स्थिती पाहणे, डिजिलॉकरमधून कागद काढणे, पासवर्ड बदलणे, खोटा दुवा ओळखणे, १९३० वर तक्रार करणे. सहा महिन्यांनी त्याच व्यक्तीला बोलवा आणि मदतीशिवाय करून दाखवायला सांगा. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, सत्रांत परीक्षेत पास झालेला मुलगा वार्षिक परीक्षेत काय करतो त्यावरूनच शिकवणे कळते.

हे होऊ शकते, याचा दाखला केरळने दिला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लंपारा या एका ग्रामपंचायतीने आधी हे काम करून दाखवले. मग राज्याने घरोघरी पाहणी करून ज्यांना काहीच येत नाही अशी २१ लाखांहून अधिक माणसे शोधली, स्वयंसेवकांनी त्यांना घरात, रोजगार हमीच्या कामावर, झाडाखाली बसून शिकवले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. वयाची वरची मर्यादा त्यांनी ठेवली नाही, शंभरी ओलांडलेली माणसेही शिकली. तिथली एक गोष्ट आपण उचलावी: आधी घरोघरी जाऊन कोणाला काय येत नाही ते पाहिले, मग योजना आखली. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आणि आशा भगिनी घरोघरी जातातच. पण हे काम त्यांच्या डोक्यावर फुकट टाकू नका. त्यांना वेगळे मानधन द्या. आधीच प्रत्येक योजनेची नोंद त्यांच्याच फोनवर येऊन पडते.

पैसा कुठून येईल हे आपण विचारणार. संस्थानाचा तिहेरी हिशेब आजही चालेल. एक भाग महानगरपालिकेचा, एक भाग राज्य सरकारचा, आणि तिसरा वॉर्डातल्या लोकांचा आणि इथल्या उद्योगांचा. आपल्या शहराभोवती रिफायनरी आहे, खत कारखाना आहे, औषध कंपन्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. फक्त त्यांना आधीच सांगा की हा पैसा पगारावर आणि दुरुस्तीवर जाईल. टॅबलेट वाटून फलक लावायला त्या तयार असतातच. पगाराला पैसे देणारी कंपनी शोधणे हे आपले काम आहे, आणि लोकप्रतिनिधींचा शब्द तिथे उपयोगी पडतो.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. शाळेतल्या मुलांना कोणतेही ॲप सक्तीने घ्यायला लावण्याआधी ते मुलांची कोणती माहिती गोळा करते हे पालकांना त्यांच्या भाषेत लेखी द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. ती संमती ग्रुपवरच्या अंगठ्याच्या चिन्हाने होत नाही. दुसरी गोष्ट, कागदाचा मार्ग बंद करू नका. ज्याच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, ज्याला दिसत नाही, ज्याला खरोखर जमणार नाही, त्याचा अर्ज खिडकीवर कागदावर घेतलाच पाहिजे. शिकवणे आणि सक्ती यांत खूप अंतर आहे, आणि ते अंतर राखण्याचे काम आपले आहे.

दरवर्षी आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. येत्या मसुद्यात ‘वॉर्ड डिजिटल वाचनालये’ असे वेगळे शीर्षक असावे, त्यात पगार आणि दुरुस्तीची रक्कम यंत्रखरेदीपेक्षा जास्त असावी, आणि शाळानिहाय किती संगणक आज चालू आहेत याची यादी दर महिन्याला महानगरपालिकेच्या फलकावर लागावी, अशी विनंती आहे. आमच्या भागातल्या कोणत्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात त्याची यादी आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून करतो आहोत. ती पूर्ण झाली की आपल्याकडे देऊ. त्याआधी शिक्षण समितीतले कोणी वाचनालयात यायला तयार असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी अडीचनंतर यावे. बायका तेव्हा येतात, आणि त्यांना काय अडते ते त्या स्वतः सांगतील.

आपली विश्वासू,
दांडिया बाजारातील एक निवृत्त शिक्षिका
वडोदरा